बोंडूचा भाव

मार्च उजाडला की दोडामार्गाच्या डोंगरउतारापासून मालवण-वेंगुर्ल्याच्या कातळापर्यंत काजूच्या बागांत एकच लगबग सुरू होते. झाडाखाली पडलेला बोंडू उचलायचा, बी पिरगळून वेगळी करायची, पिशवीत टाकायची आणि पुढच्या झाडाकडे वळायचे. बोंडू तिथेच राहतो. गुरे थोडा खातात, पोरे मीठ लावून थोडा खातात, उरलेला दोन दिवसांत आंबून मातीत जातो. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने दिलेल्या ‘वेंगुर्ला-7’ या जातीची बी साधारण दहा ग्रॅम भरते आणि तिच्या डोक्यावरचा बोंडू तिच्या कित्येक पट वजनाचा असतो. म्हणजे झाड वर्षभर राबून जे वजन तयार करते त्याचा मोठा हिस्सा बागायतदार दरवर्षी टाकून देतो आणि उरलेल्या लहान हिश्श्याच्या दरासाठी व्यापाऱ्याशी घासाघीस करतो. त्या दरावरही त्याचा ताबा नाही, कारण आफ्रिकेतून येणारी कच्ची काजूबी तो खाली ओढते. या प्रकरणात प्रश्न बोंडूचा आहे: एखाद्या गावच्या फळाच्या रसाला भाव कशाने येतो? चवीने येतो, असे आपण सहज म्हणतो. चव लागतेच. पण दक्षिण आणि मध्य इटलीच्या वाइनचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास सांगतो की चव शतकानुशतके तिथेच असते आणि भाव मात्र नंतर येतो. तो येतो तेव्हा त्याची वाट आधी कोणीतरी आखून ठेवलेली असते.

बोंडूत काय आहे, ते आधी पाहू. त्याचा रस गोड आणि भरपूर असतो, क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असते, आणि टॅनिनमुळे तो घशाला धरतो. साल इतकी नाजूक असते की फळ एक दिवसही धड टिकत नाही. म्हणून त्याला बाजार नाही, आणि म्हणूनच सीमेपलीकडच्या गोव्यात त्यावर भाटी, म्हणजे दारू गाळण्याची भट्टी, उभी राहिली. तिथे बोंडू खडकात कोरलेल्या कुंडात पायांनी तुडवतात. चोथ्याचा ढीग रचून त्याला वेलीने आवळतात आणि वर दगड ठेवतात. चोथ्यातून आपोआप झिरपणारा स्वच्छ रस म्हणजे नीरो, तो तसाच पितात. तुडवून निघालेला रस दोन-तीन दिवस आंबतो, मग भाण नावाच्या भांड्यात उकळतो. वाफ नळीतून थंड भांड्यात उतरते. पहिल्या उकळीत मिळतो तो सौम्य हुर्राक, त्यात अल्कोहोल साधारण 15 टक्के. हुर्राकात पुन्हा आंबवलेला रस मिसळून केलेल्या दुसऱ्या उकळीतून फेणी येते, ती बहुधा 42 ते 45 टक्क्यांची. हे सगळे मार्च ते मे या काळातच होते. यातली प्रत्येक पायरी सिंधुदुर्गाच्या माणसाला ठाऊक आहे. झाड तेच, जांभा तोच, आंबवण्याची समजही तीच. फरक पडला तो कायद्याच्या रेषेने.

ही रेषा जुनी आहे. इंग्रजी अमलाखाली मुंबई इलाख्यात 1878 चा अबकारी कायदा आला. गावोगावी चालणारे गाळप बंद करून दारू मोजक्या सरकारमान्य भट्ट्यांत आणणे, म्हणजे कर गोळा करणे सोपे होईल, हा त्यामागचा हिशेब होता. 1892 च्या मोहफुलांच्या कायद्याने मोहाची फुले बाळगण्यावरही बंधने आणली. स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. हेतू वेगळा होता, पण गावच्या पेयापुरता परिणाम तोच झाला: जे केले ते लपून केले. तेरेखोल नदीच्या पलीकडे, गोव्यात, पोर्तुगीज अमलात भाटी हा परवान्याचा, उघड धंदा राहिला आणि 1961 मध्ये तो अंमल संपल्यावरही तो तसाच चालू राहिला. लपून केलेल्या वस्तूला गावाचे नाव लावता येत नाही. ती साठवून, जुनी करून विकता येत नाही. दोन भाट्यांत चांगली कोणती, याची उघड चर्चा होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या असे चालले की कसब उरते आणि कीर्ती मात्र कधीच जमत नाही. सीमेलगतचे काही बोंडू गोव्यातल्या भाट्यांकडे जातात ते याच कारणाने. फळ इकडचे, नाव तिकडचे आणि भावही तिकडचाच.

इटलीच्या टाचेवरच्या पुल्या प्रांताने हेच भोगले आहे. तिथले ऊन कडक, द्राक्षे गोड, वाइन गडद आणि जोरकस. विसाव्या शतकात दीर्घकाळ ही वाइन टाक्यांत भरून उत्तर इटलीला आणि फ्रान्सला जात असे. तिकडच्या फिकट, कमी ताकदीच्या वाइनमध्ये ती मिसळली जाई आणि बाटलीवर नाव उत्तरेचे लागे. शेतकऱ्याला मोबदला मिळे तो लिटरवर आणि अल्कोहोलच्या टक्क्यावर. गाव, उतार, वेलीचे वय यांना त्या सौद्यात किंमत नव्हती, म्हणून त्यांची काळजी घेण्याचे कारणही उरले नाही. पुढे युरोपात वाइनचे अतोनात उत्पादन झाले तेव्हा वेली उपटण्यासाठी अनुदाने आली, आणि प्रिमितिवो जातीच्या जुन्या, झुडपासारख्या वाढवलेल्या कित्येक बागा नाहीशा झाल्या. भाव नसलेल्या वस्तूचे हेच होते. ती केवळ स्वस्त राहत नाही, हळूहळू नष्ट होते. 1990 च्या दशकात जनुकीय अभ्यासातून सिद्ध झाले की कॅलिफोर्नियाची लाडकी झिनफँडेल आणि पुल्याची प्रिमितिवो हे एकच द्राक्ष आहे. त्याच द्राक्षाच्या एका घराण्याला अमेरिकेत मान मिळत होता आणि दुसऱ्याची मुळे उपटली जात होती. चव हेच भावाचे मूळ असते तर असे घडले नसते.

मग दक्षिणेच्या वाइनबद्दल आज दिसणारा उत्साह कुठून आला? एक धागा कांपानियातल्या मास्त्रोबेरार्दिनो घराण्याचा. दुसऱ्या महायुद्धानंतर शेजारीपाजारी जास्त पीक देणाऱ्या जाती लावत होते तेव्हा अँतोनियो मास्त्रोबेरार्दिनो यांनी फियानो, ग्रेको आणि आल्यानिको या जुन्या स्थानिक जाती जपल्या. 1980 च्या भूकंपाने त्या डोंगराळ इर्पिनिया भागाची दैना केली, तरी काम थांबले नाही. आल्यानिकोपासून होणाऱ्या ताउरासीला 1993 मध्ये आणि फियानो दि आव्हेलिनो व ग्रेको दि तुफो यांना 2003 मध्ये इटलीच्या कायद्यातला सर्वोच्च दर्जा मिळाला. मध्य इटलीतल्या उंब्रियात सग्रांतिनो ही जात जवळपास विस्मरणात गेली होती. मोंतेफाल्कोच्या उत्पादकांनी, विशेषतः कापराई घराण्याने, ती पुन्हा उभी केली. सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या उतारावर 2000 च्या आसपास काही जिद्दी माणसे आली आणि ओस पडू लागलेल्या जुन्या बागांमधून त्यांनी अशी वाइन काढली की जगभरचे रसिक तिथल्या लाव्हाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांची नावे पाठ करू लागले. आज एटनाच्या बाटलीवर त्या पट्ट्याचे, म्हणजे कोंत्रादाचे, नाव छापता येते. त्या नावागणिक भाव बदलतो.

इथे एक वजनदार आक्षेप येतो आणि त्याला बगल देता येत नाही. मध्य इटलीच्या तोस्काना किनाऱ्यावरची सासिकाया ही वाइन 1968 च्या पिकापासून बाजारात आली. ती फ्रेंच जातींच्या द्राक्षांची होती, म्हणून इटलीच्या नियमांत बसेना. कित्येक वर्षे तिच्या बाटलीवर सर्वांत खालचा दर्जा, म्हणजे साधी ‘टेबल वाइन’, छापलेला होता. तरीही ती इटलीतल्या सर्वांत महाग वाइनपैकी एक झाली. उलट त्याच 1968 साली एटनाला कायद्याने सीमा आणि नाव मिळाले आणि पुढची तीस वर्षे तिथल्या वाइनकडे फारसे कोणी फिरकले नाही. म्हणजे नियम असून भाव आला नाही आणि नियम नसून भाव आला. मग नियमाचा आग्रह कशाला? उत्तर या दोन उदाहरणांच्या पुढच्या भागात आहे. सासिकाया ही एका सरदार घराण्याची मोठी जहागीर. वीस वर्षे वाट पाहण्याइतके भांडवल आणि लंडनपर्यंत पोचणाऱ्या ओळखी त्या घराण्याकडे होत्या. एटनावर हजारो लहान बागायतदार होते. दर्जा आणणारी माणसे तिथे पोचली तेव्हा सीमा आधीच आखलेली होती. त्यामुळे वाढलेला मान एका कंपनीच्या नावाला न चिकटता संपूर्ण डोंगराला चिकटला. श्रीमंताला स्वतःचे नाव पुरते. ज्याच्याकडे पाच-पन्नास झाडे आहेत त्याच्यासाठी गावाचे नाव हेच भांडवल असते, आणि गावाचे नाव नियमाशिवाय राखता येत नाही. सासिकायालाही शेवटी 1994 मध्ये स्वतःची कायदेशीर सीमा मिळालीच.

नियम म्हणजे काय, हेही इटलीने पुरेशी किंमत मोजून शिकून घेतले आहे. तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकने 1716 मध्येच कियांतीची सीमा फर्मान काढून ठरवली होती. आधुनिक कायदा आला 1963 मध्ये. पण कायदा कागदावर असणे आणि तो पाळला जाणे यांत अंतर असते. 1986 मध्ये काही व्यापाऱ्यांनी स्वस्त वाइनची ताकद वाढवण्यासाठी तिच्यात मिथेनॉल मिसळले. वीसहून अधिक माणसे दगावली, अनेकांची दृष्टी गेली आणि इटलीची निर्यात कोसळली. त्या धक्क्यानंतर घाऊक, निनावी मालाकडून नाव लावलेल्या, तपासलेल्या मालाकडे सगळ्या देशाचा ओढा वाढला. 2008 मध्ये मोंतालचिनोची ब्रुनेलो अडचणीत आली. ती फक्त सांजोवेसे या जातीचीच असली पाहिजे आणि पीक हाती आल्यानंतरच्या पाचव्या वर्षापूर्वी विकता येत नाही, असा तिचा नियम आहे. काही उत्पादक दुसरी द्राक्षे मिसळतात असा आरोप झाला, चौकशी बसली, बाटल्या अडकल्या. नियम सैल करून टाका, असे म्हणणारे तेव्हाही होते. पण उत्पादकांनी मतदान घेतले आणि प्रचंड बहुमताने शंभर टक्के सांजोवेसेचाच नियम कायम ठेवला. आपल्या भावाचा पाया कशात आहे, हे त्यांना पक्के कळले होते.

हे परदेशी उदाहरण आपल्याला परके वाटू नये, कारण सिंधुदुर्गाने हाच धडा हापूसवर गिरवला आहे. 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि शेजारच्या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही हंगामात मुंबई-पुण्याच्या बाजारात कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीतून विकला जातो, हे दर वर्षी ऐकू येते. देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने फळाफळावर वेगवेगळ्या क्रमांकाचे स्टिकर लावण्याची पद्धत आणली ती त्यावरचाच उपाय म्हणून. मानांकनाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून भाव मिळत नाही. ग्राहकाला हातातल्या फळाचा माग काढता आला की मिळतो. नाशिकचे उदाहरण दुसरी बाजू दाखवते. राज्याने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून अबकारी करात सवलत दिली. त्यातून वाइनचा उद्योग उभा राहिला, आणि ‘नाशिक व्हॅली वाइन’ला मानांकनही मिळाले. पण ग्राहक दुकानात बाटली मागतो ती कंपनीच्या नावाने. द्राक्षे दिंडोरीची की निफाडची, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही. तिथे धोरणाने उद्योग घडवला, पण गावाच्या नावाला अजून भाव मिळवून दिला नाही.

आता बोंडूकडे परत येऊ. गोव्याने काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवले, 2016 मध्ये तिला साध्या देशी दारूच्या वर्गातून बाहेर काढून वारशाचे पेय ठरवले आणि पुढे फेणीचे वेगळे धोरण आणले. आज काही उत्पादक जुन्या काचेच्या मोठ्या बुधल्यांत फेणी मुरवतात, भाटी पर्यटकांना दाखवतात आणि पूर्वी खानावळीत पेल्याने मोजली जाणारी वस्तू नाव लावलेल्या बाटलीतून कितीतरी चढ्या दराने विकतात. महाराष्ट्र सरकारनेही 2022 मध्ये काजूबोंड, मोहफुले अशांपासून होणाऱ्या मद्याला देशी दारूच्या वर्गातून वर काढण्याचा निर्णय घेतला. 2023 च्या अर्थसंकल्पात काजू मंडळाची घोषणा झाली. पाऊल योग्य दिशेने आहे. पण त्याने दार उघडते ते परवान्याचे. नुसता परवाना मिळाला तर काय होईल, हे पुल्याने दाखवून दिले आहे. एखादा मोठा कारखाना उभा राहील, आसपास मिळतील तिथून बोंडू गोळा करील, लिटरवर आणि टक्क्यावर दर देईल आणि सिंधुदुर्ग पुन्हा दुसऱ्याच्या नावाला ताकद पुरवील. म्हणून परवान्याआधी, निदान परवान्याबरोबर, उगमाचा नियम ठरला पाहिजे: कोणत्या तालुक्यांतले बोंडू, झाडावरून पडल्यानंतर किती तासांत तुडवलेले, बाहेरची साखर किंवा स्पिरिट न मिसळता, किती वेळा गाळलेले, किती मुरवलेले, आणि बाटलीवर कोणत्या गावाचे नाव.

यावर सगळ्यांत गंभीर आक्षेप दारूच्या विरोधातला आहे. दारूने कोकणातली अनेक घरे उद्ध्वस्त केली आहेत. गावोगावच्या बायकांनी दारूबंदीसाठी आंदोलने केली आहेत, आणि तो अनुभव कोणत्याही आर्थिक युक्तिवादाहून मोठा आहे. म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात. घर मोडते ते बहुधा स्वस्त, निनावी, कशापासून केली ते ठाऊक नसलेल्या दारूने. 2015 मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरावर बळी घेतले, ती अशीच निनावी होती. उगमाचा नियम दारू स्वस्त करत नाही, महाग करतो. तो उत्पादन एका हंगामापुरते आणि एका फळापुरते मर्यादित ठेवतो आणि प्रत्येक बाटलीमागे जबाबदार माणूस उभा करतो. इटलीत 1970 च्या दशकात माणशी वर्षाला शंभर लिटरांहून अधिक वाइन प्यायली जाई. नावाच्या वाइनचा भाव चढत गेला त्याच काळात हे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. भाव वाढला म्हणूनच पिणे घटले, असा दावा करणे चुकीचे होईल, कारण राहणीमान आणि कामाच्या पद्धतीही बदलल्या. पण दर्जाचा आग्रह धरला की व्यसन फोफावते, ही भीती या अनुभवाला धरून नाही. शिवाय ज्या गावाला दारू नको असेल त्याच्यासाठी हाच नियम नीरोला, सरबताला आणि सिरपलाही लावता येतो. बोंडूच्या सरबताला उगमाचे नाव देण्यात कोणाचीच हरकत नसावी.

दुसरा आक्षेप असा की वाढलेला भाव बागायतदारापर्यंत पोचतच नाही, मधले लोक तो खातात. हा धोका खराच आहे. एटनाचे नाव झाले तशा तिथल्या जमिनी महागल्या आणि बाहेरचे भांडवल आले. म्हणून नियमात केवळ रसाची नाही, सौद्याचीही अट हवी. बोंडू नाशवंत असल्याने गोळा करण्याचे केंद्र बागेजवळ असावे लागते, आणि ते केंद्र ज्याच्या हातात त्याच्या हातात भाव. हे केंद्र शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचे असेल तर बोंडूची नाजूकता ही त्यांची ताकद ठरते, कारण कारखाना दूरवरून माल आणूच शकत नाही. इटलीतही लहान बागायतदार टिकले ते अनेक ठिकाणी गावच्या सहकारी तळघरांमुळे. तिसरा आक्षेप गोव्याचा: फेणी हे नाव गोव्याचे आहे, ते वापरता येणार नाही. ते वापरूही नये. उधारीच्या नावाने मिळालेला भाव मालक मागेल तेव्हा परत करावा लागतो. वेंगुर्ल्याच्या काजूला स्वतःचे मानांकन आहे, चिपीला विमानतळ आहे, आणि सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेला आहे. स्वतःचे नाव घडवायला एवढी सामग्री पुरेशी आहे.

हे सगळे एका हंगामात होणार नाही. एटनाला तीस वर्षे लागली, ताउरासीला त्याहून जास्त. म्हणूनच क्रमाला महत्त्व आहे. आधी कारखाना, मग जाहिरात आणि शेवटी कधीतरी नियम असा उलटा प्रवास केला तर पहिल्या दहा वर्षांत बाजारात जी प्रतिमा बसेल ती स्वस्त मालाची असेल, आणि एकदा बसलेली स्वस्ताईची प्रतिमा पुसायला पुल्याला दोन पिढ्या खर्ची घालाव्या लागल्या. उलट, दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले, कुडाळ आणि मालवणच्या बागायतदारांनी, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने आणि काजू मंडळाने आधी एकत्र बसून सीमा, कृती आणि तपासणी ठरवली, तर पुढे येणारे भांडवल त्यांच्या अटींवर येईल. चव घडवण्याचे काम झाडाने, जांभ्याने आणि उन्हाने केव्हाच पूर्ण केले आहे. राहिले आहे ते माणसांनी आपसांत करायचे काम. ते करण्याची जबाबदारी सरकारइतकीच बागायतदारांची आहे, कारण नियम पाळला गेला तर त्याचा लाभ पहिल्यांदा त्यांनाच मिळणार आहे आणि मोडला गेला तर तोटाही पहिल्यांदा त्यांनाच सोसावा लागणार आहे.